पदवी हातात, पेशंट समोर : नव्या नर्सचे पहिले वर्ष



मे-जून महिने आले की आपल्या अंकातले ‘अभिनंदन’ सदर भरून जाते. अमक्यांच्या मुलीला कॉम्प्युटर सायन्सची पदवी, तमक्यांच्या मुलाला मेडिकलला प्रवेश. अलीकडे या यादीत ‘बी.एस.एन.’ ही अक्षरेही दिसू लागली आहेत. नर्सिंगमधील ही चार वर्षांची पदवी. ती अक्षरे पाहून मला मनापासून आनंद होतो. मी मुंबईत जनरल नर्सिंग करून या देशात आले आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे न्यू जर्सीतील हॉस्पिटलांत काम करते आहे. त्यातली बरीच वर्षे मी प्रिसेप्टर आहे, म्हणजे नव्या नर्सला पहिले काही आठवडे बरोबर घेऊन काम शिकवणारी नर्स.

अभिनंदनाचा अंक निघाल्यावर चार-पाच महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, मला फोन येऊ लागतात. बहुधा आईचाच फोन असतो. “अहो, आमची मुलगी रोज रडत घरी येते. कॉलेजात एवढी हुशार होती, पहिल्या फटक्यात लायसन्सची परीक्षा पास झाली, मग आता काय झालं?” कुणी विचारते, “हिला हे जमणार नाही का? सोडून दुसरं काही करायला सांगू का?” दर वर्षी निरनिराळ्या घरांतून हाच प्रश्न येतो, म्हणून या वेळी त्याचे उत्तर सविस्तर लिहीत आहे. थोडक्यात सांगायचे तर मुलीची हुशारी कमी पडलेली नाही. पहिल्या वर्षी शिकायच्या असतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे वेळेवर, मोठ्याने आणि न लाजता मदत मागणे. आपल्या मराठी घरांत नेमके हेच फारसे शिकवले जात नाही.

परीक्षा पास झाली, मग अडते कुठे?

लायसन्सच्या परीक्षेला एनक्लेक्स म्हणतात. १९९४ पासून ती कॉम्प्युटरवर होते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड होत जातात. एप्रिल २०२३ पासून तिचे रूप आणखी बदलले. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, आणि पाठांतरापेक्षा पेशंटची अवस्था पाहून निर्णय घेण्यावर भर. परीक्षा चांगली आहे. पण परीक्षेतला पेशंट एका वेळी एकच असतो आणि तुम्ही विचार करत असता तेव्हा तो घंटी वाजवत नाही.

मेडिकल-सर्जिकल फ्लोअरवरची साधी सकाळ पाहा. सात वाजता रात्रपाळीची नर्स रिपोर्ट देते. नव्या नर्सच्या वाट्याला पाच पेशंट येतात. नाश्त्याचे ट्रे वर येण्यापूर्वी दोघांची शुगर तपासून इन्सुलिन द्यायचे. नऊच्या औषधांची वेळ पाचही जणांची एकच. प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, नाव आणि जन्मतारीख विचारायची, मगच गोळी हातावर ठेवायची. तेवढ्यात एकाला बाथरूमला जायचे असते आणि तो पडेल म्हणून त्याला एकटे सोडता येत नाही. फार्मसीचा फोन येतो. एका पेशंटची मुलगी दारात उभी असते, “डॉक्टर कधी येणार?” म्हणून. एकाला डिस्चार्ज मिळालेला असतो, आणि ती खोली रिकामी व्हायच्या आत इमर्जन्सीतून नव्या पेशंटची वर्दी आलेली असते. आणि हे सगळे कॉम्प्युटरवर नोंदवायचे. कॉलेजात असताना याच मुलीने एक किंवा दोन पेशंट सांभाळलेले असतात, तेही शिक्षिका पाठीशी असताना.

खरे अवघड काम कोणाकडे आधी जायचे हे ठरवण्याचे. समजा, एक जण वेदनेची गोळी मागतो आहे. दुसऱ्याचा आय.व्ही. पंप वाजतो आहे. तिसऱ्याचे नातेवाईक चिडले आहेत. चौथ्या खोलीतल्या बाई शांत पडून आहेत, फक्त म्हणतात, “जरा अस्वस्थ वाटतंय”, आणि त्यांचा श्वास मिनिटाला २६ आहे. निरोगी माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. म्हणजे सर्वांत आधी जायचे ते या शांत बाईंकडे. पुस्तकात हे प्रत्येकीने वाचलेले असते. पण ओरडणाऱ्याला थांबवून गप्प माणसाकडे वळायला जी नजर लागते, ती शेकडो पेशंट पाहिल्यावर येते.

पेशंट किती, हाही प्रश्न आहेच. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा केला आणि तो २००४ पासून अंमलात आला. त्यानुसार तिथे मेडिकल-सर्जिकल फ्लोअरवर एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त आणि आय.सी.यू.त दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. बहुतेक राज्यांत असा सरसकट कायदा नाही. म्हणून नोकरी घेण्यापूर्वी मुलाखतीतच विचारावे, “दिवसा आणि रात्री एका नर्सकडे सरासरी किती पेशंट असतात? ओरिएंटेशन किती आठवड्यांचे? प्रिसेप्टर एकच असेल की रोज वेगळी?” या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर तेही एक उत्तरच समजावे.

नव्याचे नऊ दिवस आणि पुढे

नव्या नर्सला बसणाऱ्या या धक्क्याला नाव आहे. मार्लिन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९७४ साली ‘रिॲलिटी शॉक’ नावाचे पुस्तक लिहिले. नर्सेस नर्सिंग का सोडतात हा त्याचा विषय. त्यांनी चार टप्पे सांगितले. पहिला मधुचंद्राचा, म्हणजे आपले नव्याचे नऊ दिवस. नवे स्क्रब्ज, गळ्यात स्टेथोस्कोप, बॅजवर आपले नाव. दुसरा धक्क्याचा, कॉलेजात शिकवलेले आणि प्रत्यक्ष चालणारे यांतली दरी दिसू लागते तेव्हाचा. या टप्प्यावर राग येतो, रडू येते, झोप उडते, आपण ढोंगी आहोत असे वाटते. तिसरा सावरण्याचा, ज्यात पुन्हा थोडे हसू येऊ लागते. आणि चौथ्यात दोन्हींचा मेळ बसतो.

दहा वर्षांनी, १९८४ साली, पॅट्रिशिया बेनर यांनी नर्स नवशिकीपासून तज्ज्ञ कशी होते याच्या पाच पायऱ्या मांडल्या. पदवी घेऊन कामाला लागलेली मुलगी त्यात दुसऱ्या पायरीवर असते. कामात बऱ्यापैकी सक्षम ही तिसरी पायरी गाठायला साधारण दोन-तीन वर्षे एकाच प्रकारच्या पेशंटमध्ये काम करावे लागते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून चौथ्या महिन्यात तुमच्या मुलीला “मला काहीच येत नाही” असे वाटत असेल, तर ती मागे पडलेली नाही. ती जिथे असायला हवी तिथेच आहे. फोनवर आईला मी हे आधी सांगते.

यावर उपायही निघाले आहेत. २००२ पासून अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांत ‘नर्स रेसिडेन्सी’ सुरू झाली. यात पहिले वर्षभर नव्या नर्सेसचा गट ठरावीक दिवशी एकत्र येतो, अवघड प्रसंगांवर बोलतो आणि त्यांना शिकवायला अनुभवी माणसे असतात. दोन नोकऱ्या समोर असतील आणि एकीत पगार तासाला एक-दोन डॉलर कमी, पण रेसिडेन्सी चांगली, तर मी डोळे झाकून दुसरीकडे बोट दाखवीन. पहिल्या वर्षी पगारापेक्षा शिक्षण महाग असते.

ताकाला जाऊन भांडे लपवू नये

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपली मुले इथे जन्मली, वाढली, इंग्रजी फाडफाड बोलतात. तरी घरातले वळण हाडात असतेच. मोठ्यांपुढे उलट बोलू नये. कुणाला उगाच त्रास देऊ नये. आपले आपण निभावून न्यावे. चारचौघांत “मला येत नाही” म्हणू नये. घरात हे संस्कार शोभतात. हॉस्पिटलात मात्र त्यातला प्रत्येक संस्कार पेशंटच्या जिवावर बेतू शकतो.

रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचे नव्या नर्सच्या जिवावर येते. मग फोन केलाच, तर तो असा : “सॉरी डॉक्टर, तुम्हाला डिस्टर्ब केलं, खोली ४१२ मधल्या बाईंना जरा बरं वाटत नाहीये, म्हणजे तशा त्या ठीक आहेत, पण…” झोपेतला डॉक्टर म्हणतो, “लक्ष ठेवा, सकाळी बघू.” ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, तसा हा प्रकार.

यासाठी मी प्रत्येक नव्या मुलीला ‘एसबार’ घोकून घ्यायला लावते. ही पद्धत मूळची अमेरिकन नौदलाच्या अणु-पाणबुड्यांतली. तिथून ती २००० नंतरच्या काळात हॉस्पिटलांत आली. चारच गोष्टी सांगायच्या. आत्ता काय चालले आहे, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि मला तुमच्याकडून काय हवे. तोच फोन आता असा होतो :

“डॉक्टर, मी चौथ्या मजल्यावरची नर्स. खोली ४१२ मधल्या बाईंना अचानक दम लागला आहे. श्वास २८, नाडी ११८, ऑक्सिजन ८८ टक्के. वय ६८, काल गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. मला फुफ्फुसात गुठळी गेल्याची शंका येते. ऑक्सिजन सुरू केला आहे. आपण आत्ता येऊन पाहावे.”

हे बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही. या फोनवर कोणीही “सकाळी बघू” म्हणत नाही. डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली, तर ती लिहून घेऊन त्यांना परत वाचून दाखवायची. संकोच न करता, दर वेळी. आणि डॉक्टर सापडत नसतील तर बहुतेक हॉस्पिटलांत ‘रॅपिड रिस्पॉन्स टीम’ असते. २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या एका देशव्यापी मोहिमेनंतर या टीमचा मोठा प्रसार झाला. तिला बोलवायला नर्सला कोणाची परवानगी लागत नाही. “माझ्या मनाला पटत नाही” एवढे कारणही चालते. बोलावले आणि काही निघाले नाही, तर टीम हसत परत जाते. नाही बोलावले आणि काही निघाले, तर ते कायमचे मनाला लागते.

दुसरी अडचण वयाची. नर्सिंग असिस्टंटना काम सांगणे ही नर्सची जबाबदारी असते. बावीस वर्षांची आपली मुलगी मला विचारते, “मावशी, आईच्या वयाच्या बाईंना मी काम कसं सांगू?” मग ती सांगतच नाही. स्वतःच पाचही पेशंटना उठवते, बसवते, आंघोळ घालते, आणि नऊची औषधे साडेदहाला पोहोचतात. मी तिला सांगते, “नावानं हाक मार, प्लीज म्हण, काम नेमकं सांग आणि झाल्यावर आभार मान.” यात अपमान कोणाचाच होत नाही. उलट वीस वर्षे काम केलेल्या असिस्टंट बाईंना विचारले, “तुम्हाला या पेशंटबद्दल काय वाटतं?” तर त्या पुस्तकात नसलेले सांगतात.

आणि चूक झालीच तर? ती लपवायची नाही. १९९९ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल प्रसिद्ध केला. वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावतात, असा अंदाज त्यात होता. पण त्याचा खरा निष्कर्ष वेगळा होता. बहुतेक चुका वाईट माणसांमुळे होत नाहीत. कामाची रचनाच अशी असते की चांगल्या माणसाकडून चूक व्हावी. म्हणून चूक, किंवा होता होता राहिलेली चूक, लगेच सांगितली तर पेशंटवर वेळेत उपाय होतो आणि पुढच्या नर्सचा पाय त्याच खड्ड्यात पडत नाही.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आपल्यातलीच एक मुलगी सहा आठवड्यांच्या ओरिएंटेशननंतर एकटी सोडली गेली. युनिटमध्ये माणसे कमी, म्हणून कधी सहा पेशंट, कधी सात. तिसऱ्या महिन्यात ती ड्यूटीपूर्वी वीस मिनिटे पार्किंगमध्ये गाडीत बसून राहू लागली. घरी म्हणाले, “सोड आणि एम.बी.ए. कर.” आम्ही दोघी बसलो आणि कागदावर लिहून काढले, काय येते आणि काय येत नाही. ‘काहीच येत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीची यादी निघाली फक्त पाच ओळींची. तो कागद घेऊन ती मॅनेजरकडे गेली आणि प्रिसेप्टरबरोबर आणखी तीन आठवडे मागितले. मिळाले दोन. ते पुरले. आज ती तिथेच चार्ज नर्स आहे. दुसऱ्या एका मुलीने असेच मागितले आणि तिला उत्तर मिळाले, “जमत नसेल तर बघा.” तिने वर्षअखेरीस हॉस्पिटल बदलले. मला तेही योग्यच वाटते. हॉस्पिटल सोडणे आणि नर्सिंग सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतातून शिकून आलेल्यांसाठी

लग्न होऊन किंवा नोकरीसाठी येणाऱ्या अनुभवी नर्सेसही इथे पहिल्या वर्षी नव्याच असतात. औषध तेच, नाव वेगळे. आपले पॅरासिटामॉल इथे असेटामिनोफेन, सालब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन इथे एपिनेफ्रिन, पेथिडिन इथे मेपेरिडिन. तारखेत महिना आधी येतो, म्हणजे ०४/०५ हा पाच एप्रिल, चार मे नव्हे. आपल्याकडे पेशंटला भरवणे, पुसणे, कूस बदलणे बरेचसे नातेवाईक करतात. इथे ते नर्स आणि असिस्टंटचे काम. छातीला स्टेथोस्कोप लावून दर शिफ्टला तपासणे आपल्याकडे डॉक्टरांचे समजले जाते. इथे ते नर्सनेच करायचे आणि नोंदवायचे. उच्चाराची लाज बाळगू नये. फोनवर संख्या सुट्या आकड्यांत सांगावी : ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ऐकायला सारखे वाटतात, म्हणून ‘वन-फाइव्ह’ म्हणावे. आणि एजन्सीमार्फत येत असाल तर मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती दंड आहे, ते सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावे.

शरीराचे आणि मनाचे

नव्या नर्सला बहुधा रात्रपाळी मिळते, संध्याकाळी सात ते सकाळी साडेसात, आठवड्यातून तीन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात घातले आणि २०१९ साली ते कायम ठेवले. घाबरायचे कारण नाही, पण झोपेला किरकोळ समजू नये. खिडकीला जाड काळे पडदे, फोन बंद, आणि शिफ्टच्या उत्तरार्धात चहा-कॉफी नको. मोठा धोका सकाळी घरी येतानाच्या ड्रायव्हिंगचा. डोळे मिटत असतील तर पार्किंगमध्येच वीस मिनिटे झोपावे, किंवा घरच्यांपैकी कोणी आणायला जावे.

सुई टोचली तर लगेच साबण-पाण्याने धुवावे आणि त्याच क्षणी कळवावे, “शिफ्ट संपल्यावर बघू” नको. एच.आय.व्ही.बाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस-बीची लस हॉस्पिटलने फुकट द्यावी, असा १९९१ पासून नियम आहे.

पहिला मृत्यू प्रत्येकीच्या लक्षात राहतो. त्याबद्दल घरी सगळे सांगता येत नाही, पेशंटची माहिती गुप्त ठेवावी लागते. पण “आज माझा पेशंट गेला” एवढे सांगता येते. बहुतेक हॉस्पिटलांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाच्या काही बैठका फुकट असतात. जगणेच नकोसे वाटण्याइतके मन खचले असेल तर ९८८ हा फोन नंबर देशभर कधीही चालतो, जुलै २०२२ पासून.

पगाराची चिठ्ठी नीट वाचा

मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार रजिस्टर्ड नर्सचा देशभरातला मधला वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. नव्या नर्सला त्याहून कमी मिळतो, आणि राज्याप्रमाणे फरक मोठा आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. साइन-ऑन बोनस : दहा हजार ऐकून हुरळून जाऊ नये. त्यातून फेडरल करापोटी साधारणतः २२ टक्के आधीच कापले जातात, आणि करारात एक-दोन वर्षांची अट असते. आधी सोडले तर पैसे परत. मुदत पुरी होईपर्यंत ती रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. ती खर्च झाली की वाईट नोकरीतही अडकून पडावे लागते.

२. जेवणाची सुटी : अर्धा तास बिनपगारी म्हणून आपोआप कापला जातो. पण त्या वेळात काम केले असेल, तर फेडरल कायद्याने त्याचे पैसे मिळायला हवेत. नोंद करावी.

३. रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम : घराचा किंवा गाडीचा हप्ता मूळ पगारावर ठरवावा. ओव्हरटाइमवर ठरवला तर थकलेल्या अंगाने जादा शिफ्ट घेणे सुटत नाही.

४. विद्यार्थी कर्ज : सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात पूर्णवेळ काम करून फेडरल कर्जाचे १२० पात्र हप्ते भरले, की उरलेले कर्ज माफ होण्याची योजना २००७ पासून आहे. कर्ज खाजगी बँकेकडे वळवले की हा हक्क जातो. ‘नर्स कोअर’ या दुसऱ्या सरकारी योजनेत निवड झाल्यास, नर्सेसची टंचाई असलेल्या ठिकाणी दोन वर्षे काम केल्यावर ६० टक्के कर्ज फेडले जाते.

५. निवृत्तीची बचत : ना-नफा हॉस्पिटलात ४०३-बी, इतरत्र ४०१-के. हॉस्पिटल स्वतःचा वाटा घालत असेल, तर तो पूर्ण मिळेल एवढे तरी पहिल्या महिन्यापासून घालावे. मात्र तो वाटा किती वर्षांनी आपला होतो, ते विचारावे.

६. डिसॅबिलिटी विमा : नर्सचे भांडवल तिची पाठ. पेशंट उचलताना ती गेली तर पगार थांबतो. हा विमा नाकारू नये.

७. पुढचे शिक्षण : मालकाने दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षणाची मदत करमुक्त असू शकते. एम.एस.एन.चा विचार असेल तर विचारून ठेवावे.

करार आणि कर यांबाबत अंतिम सल्ला अर्थातच आपल्या सी.पी.ए.चा किंवा वकिलाचा घ्यावा.

घरच्यांनी काय करावे

शेवटी आई-बाबांसाठी थोडे, आणि हे मी हात जोडून सांगते. “डॉक्टरच का नाही झालीस?” हा प्रश्न गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, पॉटलकला, कुठेही विचारू नका आणि दुसऱ्याने विचारला तर हसून सोडून देऊ नका. डॉक्टर पेशंटच्या खोलीत दिवसातून काही मिनिटे असतात. बारा तास असते ती नर्स. शांत पडलेल्या बाईंचा श्वास मोजणारी तीच असते. मुलगा नर्स झाला असेल तर त्याच्याबद्दलही हेच.

पहिल्या सहा महिन्यांत ‘सोडून दे’ आणि ‘एवढ्यावरून रडतेस?’ ही दोन्ही वाक्ये टाळा. तिला विचारा, “आज कोणाला काय विचारलंस?” यातून कळते की विचारणे ही कमीपणाची गोष्ट नाही, ते कामच आहे. तिच्या सुटीच्या दिवशी सकाळी दहाला भारतातल्या नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल तिच्या हातात देऊ नका, झोपू द्या. रात्रपाळीहून आल्यावर गरम वरण-भात पुढे ठेवा आणि जेवण होईपर्यंत काही विचारू नका.

आपल्या मंडळात नर्सेस बऱ्याच आहेत, पण एकमेकींना माहीत नाहीत. कोजागिरीच्या कार्यक्रमानंतर तासभर आम्ही चौघी-पाच जणी थांबणार आहोत. या वर्षी कामाला लागलेल्या मुला-मुलींनी आपले प्रश्न आणि हाती आलेले करार घेऊन यावे. आई-बाबा आले तरी चालेल. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी संपादकांमार्फत निरोप द्यावा. मी फोन करीन.